चार बोटं पोकळी

गाडी समोरून छान दिसते, मागूनही बरी दिसते. बाजूने पाहिलं की डोळा एका जागी अडतो: टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांच्यामधल्या पोकळीत. चार बोटं सहज जातात. गाडीने पँट वर ओढून धरल्यासारखं दिसतं, आणि एकदा ते दिसलं की रोज दिसतं. मॅग व्हील (अलॉय चाकं) आणि गाडी खाली बसवणाऱ्या आखूड लोअरिंग स्प्रिंग यांची ओढ इथून सुरू होते. ती ओढ खरी असते, तिला थिल्लर म्हणायचं कारण नाही. फक्त ती पोकळी रिकामी नसते. खड्डा, पाऊस, मागच्या सीटवरचे तिघे आणि डिकीतलं सामान यांच्यासाठी ती राखून ठेवलेली असते. त्यातलं किती काढून घ्यायचं हे मिलिमीटरमध्ये ठरवावं लागतं, आणि ठरवायचं ते खरेदीच्या आधी.

उदाहरणादाखल चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. २०१० ला इथल्या बाजारात आली, २०२२ ला बंद झाली, आणि आजही पुण्या-मुंबईत या कामासाठी सर्वांत जास्त विचारली जाणारी गाडी बहुधा हीच असेल. व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड यांचा सांगाडा तोच असल्याने पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

सुरुवात स्प्रिंगपासून न करता चाकापासून करावी, कारण चाक बदललं की उंचीही बदलते. पोलोच्या अनेक गाड्यांवर १८५/६० आर१५ टायर आहे. रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी, आणि रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिमी. एकूण व्यास ६०३ मिमी. नंतरच्या वर्षांत कंपनीने स्वतःच वरच्या मॉडेलांना १९५/५५ आर१६ दिला. त्याचा व्यास ६२१ मिमी. फरक १८ मिमी, त्यातला निम्मा जमिनीकडे जातो, म्हणजे गाडी ९ मिमी उचलली जाते. स्पीडोमीटरवर हा फरक ३ टक्क्यांचा: काटा १०० दाखवत असेल तर आधीच्या तुलनेत गाडी १०३ ने जाते. कारखान्यातून काटे मुळातच थोडं जास्त दाखवतात, त्यामुळे यात बिघडत काही नाही.

आता १७ इंची चाक. २१५/४० आर१७ चा व्यास ६०४ मिमी, मूळ आकाराशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. कागदावर याहून नेटकं काही नाही. पण साइडवॉल उरते ८६ मिमी. १९५/५५ मध्ये ती १०७ असते. या २१ मिमी रबरावर सगळा फरक आहे. खड्ड्याची धार टायरला दाबत रिमपर्यंत नेते तेव्हा आधी साइडवॉलमधले दोरे तुटतात आणि तिथे फुगा येतो. त्याहून जोराचा दणका बसला तर रिमची आतली कड वाकते किंवा तडकते. तडा बहुतेक वेळा आतल्या बाजूला असतो, बाहेरून चाक चकचकीत दिसतं आणि हवा मात्र दर चार दिवसांनी कमी होते. पावसाळ्यात चाकण-नाशिक फाट्यावरून रोज जाणाऱ्या गाडीला १७ इंची चाक लावू नये, हे माझं ठाम मत आहे. १६ इंचावर थांबावं.

टायरवर आकाराच्या पुढे भार आणि वेगाचा निर्देशांक असतो. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो. नवा टायर जुन्याहून कमी निर्देशांकाचा कधीच घेऊ नये. वेगासाठी एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही म्हणजे २४०. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या टायरवर हे दोन्ही वाचल्याशिवाय हात घालू नका.

यानंतर रिमच्या पाठीमागे कोरलेले आकडे. पोलोला पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. स्विफ्ट आणि होंडा सिटीची चार बोल्टची चाकं इथे बसत नाहीत. जेट्टाची पाच बोल्टची आहेत, पण वर्तुळ ११२ मिमीचं, म्हणून तीही नाहीत. व्हेंटो-रॅपिडची बसतात. दुसरा आकडा मधल्या भोकाचा. पोलोच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, गोल ५७.१ मिमीचा आहे. बाजारातल्या चाकांना हे भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, बरेचदा ७३.१ मिमी, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली फट भरायला ७३.१ ते ५७.१ अशी रिंग लागते. ती नसेल तर चाक हबवर केंद्रात बसत नाही, बोल्ट ओढतील तिथे बसतं, आणि ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. लोक मग बॅलन्सिंग तीन-तीनदा करून घेतात. दोष बॅलन्सिंगचा नसतोच. रिंग बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, नाहीतर रिंग तिरकी बसते.

तिसरा आकडा ऑफसेटचा. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी पाठ किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. चाकावर तो ‘ईटी’ लिहून देतात. मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४० धरलं, नवं ७ इंच आणि ईटी ३५ घेतलं, तर काय होतं? रुंदीमुळे प्रत्येक बाजूला १२.७ मिमी वाढले. ऑफसेटमुळे सगळं चाक ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड १७.७ मिमी मडगार्डकडे गेली आणि आतली ७.७ मिमी शॉकअपकडे. उतरवलेल्या गाडीत बाहेरचे हे १७.७ मिमीच मडगार्डच्या आतल्या दुमडीला घासतात, तेही चौघे बसल्यावर आणि वळणावर. रिकाम्या गाडीत गॅरेजच्या दारात काहीच कळत नाही. रोजच्या वापराच्या १९५ टायरला ६ किंवा ६.५ इंच रुंद आणि ईटी ३८ ते ४२ मधलं चाक पुरतं.

आणि बोल्ट. या सगळ्या कामात जिवावर बेतणारी चूक इथे होते. पोलोच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, चेंडूच्या पाठीसारखं, कारण मूळ चाकातली खोबणही गोल आहे. बाजारातल्या बहुतेक चाकांची खोबण शंकूच्या आकाराची, ६० अंशांची असते. गोल बुडाचा बोल्ट शंकूत घातला तर तो एका बारीक वर्तुळावर टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण पकड नसते, आणि शेकडो किलोमीटरांत बोल्ट सैल होतो. म्हणून नव्या चाकाबरोबर शंकूच्या बुडाचे नवे बोल्ट घ्यायचे: एम१४, म्हणजे १४ मिमी जाडीचे, आट्यांचं अंतर १.५ मिमी. लांबीही मोजायची. हाताने फिरवताना बोल्ट निदान साडेसात फेरे आत जायला हवा. त्याहून कमी गेला तर आटे भार पेलत नाहीत. फार लांब असेल तर मागे ब्रेकच्या भागांना लागू शकतो. चाक बसवून हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहिलं की ते समजतं. मूळ चाकांचे गोल बुडाचे बोल्ट डिकीत ठेवा, कारण स्टेपनी अजून जुन्याच चाकाची आहे. पंक्चरच्या रात्री हे आठवत नाही, म्हणून आताच पिशवीत घालून स्टेपनीला बांधा.

आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, १२० न्यूटन-मीटर, एकाआड एक बोल्ट, चाक हवेत असताना हलके आणि जमिनीवर टेकल्यावर पूर्ण. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासायचे. खोबणीत रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर असेल तर तो दबतो आणि बोल्ट ढिला पडतो, त्यामुळे रंगवून घेतलेल्या जुन्या चाकांना ही दुसरी तपासणी चुकवू नये.

वजनकाटा सोबत न्यावा. दोन चाकं दिसायला सारखी असतात आणि एक दुसऱ्याहून दोन किलोने जड निघतं. ते दोन किलो स्प्रिंगच्या खालचे असतात, म्हणून खड्ड्यात चाकाबरोबर उसळतात, आणि चार चाकांचे आठ किलो होतात. पाठीवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी चाचणीची चिन्हं, आणि प्रत्येक चाकाची भारक्षमता कोरलेली असते. चिन्हं ठसठशीत नसतील, किंवा भाराचा आकडाच नसेल, तर चाक कितीही देखणं असलं तरी परत ठेवावं.

आता उंची. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची जागा, इथे १६५ मिमीच्या आसपास, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २४७० मिमी. ३० मिमी उतरवली तर उरले १३५. गतिरोधकाचं गणित यावर मांडून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर लांब, मधोमध १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. गाडी त्याच्या मध्यावर असताना पुढची-मागची चाकंही त्याच वाटोळ्या पाठीवर असतात, म्हणून पोटाखाली फक्त ४५ मिमी जागा जाते. १३५ मधून ४५ गेले तरी ९० उरतात. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर उतरवलेली गाडी आरामात जाते. पण गल्लीत रातोरात टाकलेला डांबराचा उंचवटा हात-दीड हात रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर दोन्ही चाकं सपाट रस्त्यावर आणि उंचवटा थेट पोटाखाली. १६५ मधून १५० गेले तर मूळ गाडी १५ मिमीने सुटते. १३५ ची गाडी चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, घासून जाते, आणि माणसं बसलेली असतील तर मूळ गाडीही घासते. असे उंचवटे तिरके घेतात, म्हणजे एकावेळी एकच चाक चढतं आणि पोट थोडं उचललेलं राहतं.

सोसायटीच्या तळघराचा उतार याहून दगाबाज. उतार संपून सपाट जागा लागते त्या कडेवर गाडी पोटावर टेकते. १६५ मिमी असताना अशी सुमारे १५ अंशांची कड पार होते, १३५ ला ती साडेबारा अंशांवर येते. चारास एक चढणीचा उतार असतो १४ अंशांचा. म्हणजे मूळ गाडी जिथून रोज सहज वर यायची, तिथेच उतरवलेली टेकणार. हे गणित पोटाचा तळ सपाट धरून केलं आहे, प्रत्यक्षात सायलेन्सरचा पाइप किंवा चेंबरचा लोखंडी पत्रा आधी लागेल. स्प्रिंगचे पैसे भरण्याआधी मोबाइलमधल्या कोनमापकाने आपल्या घरचा उतार मोजा. साडेबाराच्या वर असेल तर चाकांवरच समाधान मानावं. आणि १९५/५५ आर१६ ने दिलेले ९ मिमी इथे कामाला येतात: ३० मधून ९ परत मिळाले, निव्वळ घट २१.

खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. जर्मन स्प्रिंगवर ३० किंवा ३५ मिमी लिहिलेलं असतं ते युरोपातल्या गाडीपासून मोजलेलं, आणि भारतातली गाडी कारखान्यातूनच उंच उभी असते. त्यामुळे इथे घट जास्त निघू शकते. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची चारही चाकांवर आधी मोजून लिहून ठेवा. टायर बदलला तरी हे माप बदलत नाही, म्हणून नंतर खरा फरक त्यातूनच कळतो.

स्प्रिंग आखूड झाली की ती कडकही का करावी लागते? चाकाला वर यायला समजा ८० मिमी जागा होती, त्यातले ३० गेले, ५० उरले. स्प्रिंग पचवते ती ऊर्जा अंतराच्या वर्गावर ठरते. तोच दणका ५० मिमीत पचवायचा तर स्प्रिंग ढोबळमानाने अडीचपट कडक लागेल. तशी कुणी बनवत नाही, गाडीत बसवणार नाही. बाजारातल्या चांगल्या स्प्रिंग मूळपेक्षा काही टक्क्यांनीच कडक असतात. उरलेला दणका शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी-फोमचा बंपस्टॉप घेतो. म्हणजे उतरवलेल्या गाडीत बंपस्टॉप अधूनमधून लागणारा अडसर न राहता रोज काम करणारी दुसरी स्प्रिंग होतो. तो जुना आणि भुगा झालेला असेल तर धातूवर धातू आपटतो. काही स्प्रिंगच्या सूचनापत्रात त्याचा ठरावीक भाग कापायला सांगितलेलं असतं. सांगितलं असेल तेवढाच कापा, आणि सांगितलं नसेल तर हात लावू नका.

शॉकअपचंही तसंच. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली की तिची उसळी आवरायला सुमारे १२ टक्के जास्त दमन लागतं. नवा शॉकअप हे सांभाळून घेतो. ६० हजार किमी झालेला सांभाळत नाही, गाडी लाटेवर चालल्यासारखी डुलते, आणि दोष नव्या स्प्रिंगला जातो. एवढी चाललेली गाडी असेल तर शॉकअप, वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग, बंपस्टॉप आणि धूळटोप्या एकाच वेळी बदला. काम उघडायची मजुरी तीच आहे.

ग्राइंडरने मूळ स्प्रिंग कापून देणारे भेटतील. एक वेढा कापला की उरलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही, सहा वेढ्यांची पाच झाली तर २० टक्क्यांनी. इथवर त्यांचं बरोबर. पण टोकाचा आकार जातो, त्यामुळे स्प्रिंग आपल्या बशीत नीट बसत नाही. चाक लोंबकळलं की ती सुटी होते आणि तिरकी परत बसते. कापताना तापलेल्या पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच. आणि ज्यांनी गाडी उंच करायला वेढ्यांमध्ये रबरी बफर घातले असतील, त्यांनी ते नव्या स्प्रिंगमध्ये परत घालू नयेत. बफरने दोन वेढे बांधले जातात, सगळा ताण बाकीच्यांवर येतो, आणि स्प्रिंग तिथे तुटते.

बसवण्याचं काम गॅरेजवाल्याने केलं तरी पायऱ्या माहीत असाव्यात, म्हणजे शेजारी उभं राहून पाहता येतं. पुढे: गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर. चाक काढून ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर शॉकअपच्या पकडीतून सोडवायची, नाहीतर हब खाली लोंबला की नळी ताणली जाते. लिंक रॉडचा नट सोडायचा. पोलोत शॉकअपचं खालचं टोक हबच्या कॉलरमध्ये घट्ट धरलेलं असतं. बोल्ट काढला तरी ते सुटत नाही, कॉलरच्या फटीत पसरवायचं हत्यार घालून ती किंचित उघडावी लागते. छिन्नी ठोकून उघडली तर कॉलर चिरते, आणि मग पूर्ण हब बदलावा लागतो. त्यानंतर बॉनेटखालचं टोपण काढून वरचा नट सोडला की सगळं एकत्र खाली येतं.

स्प्रिंग दाबायच्या हत्याराचे दोन हूक समोरासमोर, आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आळीपाळीने आवळायचे. स्प्रिंग बशीपासून हलली, हाताने फिरू लागली, की मगच मधला नट सोडायचा. आधी सोडला तर दाबलेली स्प्रिंग वरच्या बशीसकट उडते, आणि ती कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं. तोंड त्या रेषेत ठेवू नये. नट सोडताना दांडा षटकोनी किल्लीने धरायचा. पक्कडीने धरला तर दांड्यावर ओरखडा येतो आणि तो ओरखडा तेलाचं सील कापतो. महिन्याभरात शॉकअप ओला दिसतो तो यामुळे. नवी स्प्रिंग बसवताना तिचं खालचं टोक बशीतल्या खाचेला टेकलेलं आहे का, ते स्वतः बघा.

मागे काम सोपं. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. मागच्या आडव्या बीमला जॅकचा आधार देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ब्रेकच्या नळ्यांवर नजर ठेवत बीम हळूहळू खाली सोडायचा, स्प्रिंग हाताने निघते. रबरी बशा पुसून परत घालायच्या. इथे एकच गोष्ट हटकून चुकते: हे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले जातात. आतला रबरी बुश मग लोंबत्या स्थितीत घट्ट होतो, आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेला राहतो. वर्षभरात फाटतो, कुरकुरतो. चाकांवर वजन आल्यानंतरच शेवटचा आवळ द्यायचा. कंपनीने कोनात आवळायला सांगितलेले बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते नवे घ्यावेत.

घासतं का ते स्प्रिंग घालण्याआधीही पाहता येतं. स्प्रिंगशिवाय शॉकअप बसवून, लोअर आर्मखाली जॅक लावून चाक पूर्ण वर आणायचं आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं. मडगार्डच्या आतल्या लायनरवर जागोजागी मुलांची खेळण्यातली माती चिकटवली तर किती मिलिमीटर उरले तेही त्या मातीच्या जाडीवर मोजता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या आणि २००-३०० किमीनंतर स्प्रिंग बसल्या की पुन्हा. गाडी खाली आली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा आत कलतो आणि टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय ते) बदलतो. टायरची आतली कड झिजली की बोट कॅम्बरकडे जातं, पण टायर खरा खातो तो टो. एका चाकाचा टो अंशाच्या दहाव्या भागाने चुकला तरी टायर दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवा घासत जातो. पुढचा टो जुळवता येतो. मागचा बीम वाकडा निघाला तर पाचरीच्या पट्ट्या घालूनच सुधारतो. छापील अहवाल मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा. शेवटी अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांची रेषा पाहा. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उतरली असेल तर झोत जवळ पडतो.

कायद्याची बाजूही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला टायरचा आकार हा त्यातला सर्वांत सुरक्षित बदल. मडगार्डबाहेर आलेलं चाक सर्वांत धोक्याचं. स्प्रिंगबद्दल विमा कंपनीला लेखी कळवावं, अपघातानंतर कळण्यापेक्षा ते बरं.

काढलेल्या जुन्या स्प्रिंग भंगारात देऊ नका. पुसून, तेलाचा हात फिरवून, डावी-उजवी, पुढची-मागची अशा चिठ्ठ्या बांधून, जुन्या बोल्टसकट गोणपाटात ठेवा. गाडी विकताना, किंवा घर बदलून नव्या सोसायटीचा उतार १४ अंशांचा निघाला तर, त्या लागतील.